आजीची साडी कापायची का? कापडी फुलांबद्दल सगळं काही

*(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, मापं मात्र नीट लिहिली आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवायला सोपं.)*

लोकलमध्ये लटकत ऐकताय, भांडी घासता घासता ऐकताय, की ऑफिसात कॅमेरा बंद करून ऐकताय, ते मी विचारणार नाही.

आजचा विषय आहे कापडाची फुलं. म्हणजे घरातल्या जुन्या कापडापासून हाताने फुलं करायची आणि ती दाराच्या तोरणाला, उशीच्या अभ्र्याला, पडद्याच्या बांधणीला, दिव्याच्या शेडला लावायची. दिवसभर मी कोड लिहितो आणि रात्री सुई-दोरा घेऊन बसतो. "मुलगा असून शिवतोस?" हा प्रश्न आता जुना झाला, तो आज सोडून देऊ.

आज बोलायचंय ते जरा वेगळ्या गोष्टीवर. रील्समध्ये बघता तुम्ही. सुंदर साडी, कर्र्कन कात्री, तीस सेकंदांत गुलाब तयार. फूल कसं करायचं हे सगळे सांगतात. पण कोणतं कापड कापायचं आणि कोणतं नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि मंडळी, कापडाला कंट्रोल झेड नाही. एकदा कात्री चालली की चालली. म्हणून आज आधी कापड, मग फूल.

कापायचं काय?

आपल्याकडे कापडाला एक क्रम होता. साडी आधी नेसायची. विरली की घरात नेसायची. फाटली की तिची गोधडी. गोधडीतूनही जे उरलं ते पुसायला. आपल्या आज्यांनी "अपसायकलिंग" हा शब्द न ऐकता हे सगळं केलं. फूल या क्रमात शेवटाकडे येतं, हे माझं स्पष्ट मत. नेसता येईल अशी साडी फुलांसाठी कापू नका. आईची पैठणी चांगली असेल तर ती नेसा, बहिणीला द्या, तिचा ड्रेस शिवा. दोन इंचांच्या गुलाबासाठी सहा वार रेशीम फाडायचं काही कारण नाही.

मग काय कापायचं? जुनी सुती साडी उजेडासमोर धरून बघा. सगळीकडे सारखी विरत नाही ती. निऱ्यांचा भाग पायात येतो, जमिनीला घासतो, तो आधी जातो. कंबरेला खोचायचा भाग झिजतो. पदराकडचा भाग आणि आतला काही भाग मात्र बऱ्याचदा ठणठणीत असतो. म्हणजे साडी "गेली" असं आपण म्हणतो तेव्हाही तिच्यात चांगलं कापड उरलेलं असतं. फुलांना लागतो तो हाच भाग. शिंप्याकडच्या कातरणी, ब्लाउजपीसचे तुकडे, फाटलेला कुर्ता, हेही उत्तम.

आता एक खरी गोष्ट. मागच्या वर्षी माझी आजी गेली. ती सांगलीकडची, आयुष्यभर नऊवारी नेसली. तिच्या पेटीत अकरा साड्या निघाल्या. त्यातली एक हिरवी इरकल, लाल पदराची. निऱ्यांकडे अगदी जाळी झालेली, दोन ठिकाणी तिनेच रफू केलेलं. माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतात आजीचं काहीतरी असावं असं सगळ्यांना वाटत होतं. मी म्हटलं, या साडीची फुलं करतो.

आई काहीच बोलली नाही. तिने साडी घडी करून परत पेटीत ठेवली. दोन आठवडे विषय बंद. मग एकदा भाजी निवडताना म्हणाली, "अरे, कापायच्या आधी धुशील ना ती?" म्हटलं, हो, धुवावीच लागेल, खळ करायची तर. ती म्हणाली, "मग वास जाईल तिचा."

डांबर गोळ्यांचा वास हो. डांबर गोळ्या, थोडं खोबरेल आणि आजी. मला हे सुचलंच नव्हतं. मी मापं काढत होतो, आई वेगळंच मोजत होती.

आणि दुसरं, ती साडी आमची एकट्यांची नव्हती. आत्याला फोन केला. ती आजीची लेक, तिचा हक्क आधी. ती म्हणाली, "एक काठ मला ठेव. बाकी तुम्ही ठरवा."

शेवटी असं ठरलं. पदर अख्खा ठेवायचा. इरकलमध्ये अंगाच्या ताण्याला पदराचा ताणा फासे घालून जोडलेला असतो, तो जोड विणकराची खूण आहे, त्याला हात लावायचा नाही. एका बाजूचा काठ लांबच्या लांब काढून आत्याला. हातभर तुकडा न धुता, जसाच्या तसा, डब्यात बंद करून आईला. आणि राहिलेल्या अंगातलं जे धड होतं, तेवढंच माझं.

म्हणून माझे नियम तीन. एक, नेसण्याजोगं कापू नका. दोन, ज्यांचा ज्यांचा त्या कापडाशी संबंध आहे त्या सगळ्यांना विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. तीन, धुण्याआधी एक तुकडा बाजूला काढा. हे तीन झाले की मगच कात्री.

कापड ओळखा

आता टेक्निकल भाग. माझा आवडता.

फुलाची पद्धत कापडावर ठरते. रील्समध्ये पाकळीची कड मेणबत्तीवर धरतात आणि ती छान वळते, बरोबर? ते सॅटिन किंवा ऑर्गन्झा असतं, बहुतेक पॉलिस्टरचं. पॉलिस्टर वितळतं, म्हणून कड वळते आणि दशाही सुटत नाहीत. तेच सुती कापडाला केलंत तर ते वितळणार नाही, सरळ पेटेल. म्हणून आधी कापड कोणतं आहे ते बघा.

सोपी चाचणी. दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा, सिंकवर स्टीलच्या ताटलीत जाळून बघा. शेजारी पाणी ठेवा, ओढणी-केस लांब ठेवा.

सुती असेल तर कागदासारखं पटकन जळतं, वासही जळक्या कागदाचा, राख मऊ आणि राखाडी.

रेशीम असेल तर जळक्या केसांचा वास येतो. आगीपासून लांब नेलं की बहुतेक विझतं आणि जो काळा मणी उरतो तो बोटांनी चुरता येतो.

पॉलिस्टर असेल तर आकसतं, वितळतं आणि टणक मणी होतो, जो चुरत नाही. तो मणी गार होईपर्यंत हात लावू नका, चिकटून भाजतो.

एकाच साडीत दोन प्रकार असू शकतात, हे लक्षात ठेवा. अंग सुती आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा, असं इरकलमध्ये सर्रास दिसतं. म्हणून दोन्हीकडचे धागे वेगवेगळे तपासा.

खणाचं कापड आज सगळीकडे दिसतं, तोरणं, बॅगा, फ्रेम्स. हे मूळचं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं, चोळीचं कापड. दिसायला देखणं, पण कापलं की कडेचे धागे भराभर सुटतात. खणाची फुलं करायची तर कड आत दुमडूनच करा.

आणखी एक चाचणी, रंगाची. पांढरा रुमाल ओला करून कापडावर दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. नाहीतर पहिल्याच पावसाळी हवेत तुमच्या पांढऱ्या अभ्र्यावर लाल नक्षी उमटेल.

खळ

जुनं सुती कापड मऊसूत झालेलं असतं. गोधडीला ते छान, फुलाला नाही. पाकळी पडते. म्हणून खळ. भाताची पेज गाळून, पाणी घालून पातळ करा. किंवा साबुदाणा शिजवून, गाळून. कापड बुडवा, पिळा, सावलीत वाळवा, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. कागदासारखं कडक नको, पापडाच्या लाटीसारखं वाकेल इतपत.

एक सावधगिरी. खळीचं कापड वर्षानुवर्षं पेटीत ठेवू नका, कसर लागते. जे जपून ठेवायचंय ते बिनखळीचं ठेवा.

पाकळी: गोल की चौकोनी?

बहुतेक ठिकाणी पाच पाकळ्यांचं फूल गोल तुकड्यांपासून शिकवतात. गोल कापा, अर्धा दुमडा, वक्र कडेने धावदोरा घाला, ओढा, पाकळी तयार. छान होतं. पण माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही. चौकोनातून गोल काढला की सुमारे २१ टक्के कापड वाया जातं. शिवाय गोल आखायचा, गोल कापायचा, वेळ जातो. आणि इथे कापड परत मिळणारं नाहीये.

म्हणून मी चौकोन वापरतो. ऐका.

८ सेंमी बाय ८ सेंमीचे पाच चौकोन. एक चौकोन कर्णावर दुमडा, त्रिकोण झाला. त्याची लांब बाजू दुमडीची, बंद. बाकी दोन बाजू उघड्या. आता दुहेरी दोरा घ्या आणि फक्त या दोन उघड्या बाजूंनी धावदोरा घाला, टाका साधारण अर्धा सेंमीचा, कडेपासून थोडं आत. दोरा ओढा. चुण्या पडतात आणि बंद बाजू बाहेर गोलाकार फुगते. झाली पाकळी!

दोरा तोडू नका. त्याच दोऱ्यावर दुसरा त्रिकोण, मग तिसरा, असे पाच. शेवटी पहिल्या पाकळीत सुई घालून वर्तुळ बंद करा, घट्ट ओढा, एकाच जागी दोन-तीन टाके घालून गाठ मारा. मध्ये बटण किंवा मणी. फूल साधारण ७ ते ८ सेंमीचं होतं.

ही पाकळी इतकी सुबक का वळते? कारण चौकोन कर्णावर दुमडला की बाहेरची कड उरेब येते. उरेब म्हणजे ताण्या-बाण्याला तिरकी, ४५ अंशांत. कापड सरळ ओढलं तर ताणत नाही, तिरकं ओढलं तर ताणतं, वळतं. शिंपी गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याचसाठी. आणि दशा सुटणाऱ्या सगळ्या कडा आपोआप मध्यभागी, बटणाखाली लपतात. म्हणजे मेणबत्ती नको, गोंद नको.

जपानमध्ये त्सुमामी नावाची कला आहे, एदो काळापासूनची. रेशमाचे छोटे छोटे चौकोन चिमट्याने दुमडून, भाताच्या खळीने चिकटवून केसांत माळायची फुलं करतात. तिथेही सुरुवात चौकोनापासूनच. कापड वाया जाऊ न देणाऱ्यांना सगळीकडे चौकोनच सुचतो, असं मला आपलं वाटतं.

हिशेब सांगतो. १ मीटर बाय १.१ मीटरच्या तुकड्यातून ८ सेंमीचे एका बाजूने १२ आणि दुसऱ्या बाजूने १३, म्हणजे १५६ चौकोन. भागिले पाच, ३१ फुलं. तीन फुटी दाराच्या तोरणाला ११ ते १३ फुलं लागतात. म्हणजे साडीचा एक मीटर धड निघाला तरी दोन तोरणं आणि वर उशीसाठी पाच फुलं. अख्खी साडी कापायची गरज कुठे आहे?

गुलाब हवा असेल तर उरेब पट्टी घ्या, ५ सेंमी रुंद, ६० सेंमी लांब. लांबीत अर्धी दुमडा, उघड्या कडेने धावदोरा, हलक्या चुण्या, आणि एका टोकापासून गुंडाळत जा. प्रत्येक फेऱ्याला तळाशी एक टाका. सुरुवातीला घट्ट, बाहेर सैल. हीच पट्टी पिवळ्या किंवा केशरी कापडाची घेऊन जास्त चुण्या घातल्या की तोरणाचा झेंडू.

लावायचं कसं?

इथे बरीच फुलं बिघडतात. आपल्याकडे धूळ आहे, पावसाळा आहे, स्वयंपाकघराची फोडणी आहे. जी वस्तू धुता येत नाही ती वर्षभरात काळी पडते. म्हणून एकच प्रश्न विचारा: हे फूल काढता येईल का?

माझं उत्तर टिचबटण. फुलाच्या मागे कापडाची गोल चकती शिवा, तिच्यावर टिचबटणाचा एक भाग, उशीच्या अभ्र्यावर दुसरा. धुवायच्या दिवशी फुलं टिचटिच काढा, अभ्रा मशीनमध्ये, फुलं बादलीत. गार पाणी, थोडा साबण, पिळायचं नाही, फक्त दाबायचं, सावलीत वाळवायचं. पाकळ्या बोटांनी नीट करायच्या. म्हणूनच मागे पुठ्ठा लावू नका, भिजला की संपला.

तोरणासाठी जाड सुती पट्टीवर फुलं शिवा आणि दोन्ही टोकांना नाडी ठेवा. पडद्याच्या बांधणीला एकच मोठा गुलाब पुरे.

ग्लू गनबद्दल. पटकन होतं, मान्य. पण तो गोंद उष्णतेने मऊ होऊन चिकटतो आणि उष्णतेनेच परत सुटतो. दिव्याच्या शेडवर तर नकोच. तिथे टाकेच घाला, शेडमध्ये एलईडी बल्ब वापरा, आणि फूल बल्बला लागणार नाही एवढं अंतर ठेवा. देवघरात समई किंवा निरांजनाच्या वर कापडी तोरण लटकवू नका. दिवाळीत पणत्यांच्या जवळही नको. सुती कापड कसं जळतं ते आपण मघाशी ताटलीत बघितलंय.

आणि किंमत

एक शेवटचा मुद्दा, तो महत्त्वाचा आहे. कापण्यापासून बटणापर्यंत एका फुलाला मला आता पंधरा मिनिटं लागतात. तासाला चार. तोरणाला तीन तास. आता महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात बचत गटाच्या ताई अशी फुलं घेऊन बसलेल्या असतात आणि आपण म्हणतो, "ताई, वीसला द्या ना एक." तासाला चार फुलं, ऐंशी रुपये. त्यातून कापड, दोरा, बटण, प्रवास वजा. उरलं किती? हाताने एक तोरण करून बघा, परत घासाघीस करायला तोंड उघडणार नाही. माझं तरी उघडत नाही.

रुखवताचंही तेच. हल्ली तयार रुखवत भाड्याने मिळतं, त्यात वाईट काही नाही, घरात कुणाला वेळ नसतो. पण सगळं भाड्याचं आणलं तरी एक वस्तू घरची ठेवा. बहिणीच्या रुखवतात आम्ही एकच तोरण ठेवलं, तेरा फुलांचं. आजीने रफू केलेला तुकडा मी मुद्दाम मधल्या फुलात घेतला, रफू वर दिसेल असा. पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांना ते कळलं नसेल. आत्याला कळलं. तिने रफूवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आईचे टाके नेहमी असेच, एक लांब एक आखूड."

बहिणीच्या घराला आता ते तोरण आहे. तिला मी सांगून ठेवलंय, दोन महिन्यांनी एकदा धूत जा, सावलीत वाळव, आणि एखादं फूल सुटलं तर फोटो पाठव, टाका कुठे घालायचा ते सांगेन.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. लगेच कापू नका. कपाटातलं एक जुनं कापड काढा, उजेडासमोर धरा, कुठे विरलंय, कुठे धड आहे ते बघा. ते कुणाचं होतं ते घरात विचारा. दोन धागे जाळून बघा. आणि मग एखाद्या जुन्या कुर्त्याच्या तुकड्यावर पहिलं फूल करा. पहिलं वाकडंच येतं, ते फ्रीजच्या मॅग्नेटवर लावायचं.

कापडाबद्दल, टाक्यांबद्दल काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. पुढच्या वेळी गोधडीवर बोलायचा विचार आहे, आणि त्यासाठी आत्याला माइकसमोर बसवायचा प्रयत्न चालू आहे. ती अजून "हो" म्हणालेली नाही.

भेटू लवकरच. काळजी घ्या, आणि सुई वापरून झाली की डबीत परत ठेवा. गादीवर नको!